तेविसावा कागद

बाई, तुमच्या नावानं निबंध स्पर्धा निघाली आहे. विषय 'वाचनाचे महत्त्व'. शब्दमर्यादा तीनशे. प्रत्येक शाळेतून एकच हुशार विद्यार्थी, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानिशी. पहिल्या तिघांना करंडक, उरलेल्यांना प्रमाणपत्र. आणि परीक्षक म्हणून, हसू नका, माझं नाव छापलं आहे.

तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. देवणीच्या बसस्थानकासमोर तुमचा फ्लेक्स लागला आहे आणि मी रोज शाळेला जाता-येता तो बघते. त्यावर लिहिलंय 'स्वर्गवासी वाघमारे मॅडम'. आपल्या बौद्धांत 'कालकथित' म्हणतात, एवढं साधं ज्यांना जन्मभर शेजारी राहून कळलं नाही, त्यांनी तुम्हाला परस्पर स्वर्गात पाठवून दिलं. आणि मॅडम? कुणी मॅडम म्हटलं की तुम्ही पुस्तक हातात धरून ठेवायचात. "आधी बाई म्हणा, मग पुस्तक न्या." आता धरून ठेवायला तुम्ही नाही, म्हणून यांचं फावलं.

फोटोही कसला लावलाय! वाचनालयातल्या जुन्या ग्रुप फोटोतून तुमचं तोंड तेवढं कापून घेतलंय. त्या फोटोत तुम्ही कॅमेऱ्याकडे बघतच नव्हता. शेजारी उभी असलेली एक पोरगी तुम्हाला काहीतरी सांगत होती आणि तुम्ही मान वाकडी करून ऐकत होता. पोरगी कापून टाकली. आता फ्लेक्सवर तुम्ही मान वाकडी करून कुणाकडे बघताय ते कुणालाच समजत नाही. वर तीन पुढाऱ्यांचे चेहरे आहेत, ते मात्र सरळ बघतात. मला रोज राग येतो आणि रोज शाळेची वेळ झालेली असते.

शोकसभेत सगळे वाचनसंस्कृतीवर बोलले. पहिलं भाषण कुणी केलं सांगू? ज्या मुख्याध्यापकांनी 'बाईकडे गेल्यानं अभ्यास बुडतो' म्हणून शनिवारी मुलांना सुटीच द्यायची नाही असं ठरवलं होतं, त्यांनी. डोळे पुसत बोलले. मी मागच्या रांगेत बसले होते. मला बोला म्हणाले, मी नाही म्हटलं. नाही म्हटलं, कारण आपलं बोलणं सात महिन्यांपासून बंद होतं आणि हे तिथं बसलेल्या कुणाला ठाऊक नव्हतं. तुमची लाडकी विद्यार्थिनी म्हणून लोक माझ्याकडे बघत होते आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

जलदान विधीच्या दिवशी तुमचा लातूरचा भाचा सगळ्यांच्या पाया पडत फिरत होता. माझ्यापाशी आला आणि खिशातून वाचनालयाची किल्ली काढली. म्हणाला, "आत्यानं सांगून ठिवलतं. किल्ली सुनंदाला द्या, दुसऱ्या कुणाला देऊ नका. अन् पत्र्याच्या पेटीत तिचं काम पडून हाय म्हणून सांगा." मी किल्ली घेतली. तुमच्याशी भांडलेल्या माणसाला तुम्ही किल्ली दिलीत. हे काय वागणं झालं, बाई? भांडण होतं तर नीट भांडण ठेवायचं. आठ दिवस मी ती किल्ली पर्समध्ये घेऊन फिरले आणि खोली उघडली नाही.

ज्यांना तुमची खोली माहीत नाही त्यांना काय सांगू? वाचनालय म्हटलं की लोकांना टेबल-खुर्च्या आणि 'शांतता राखा' अशी पाटी दिसते. तुमच्याकडे घराला लागून एक पत्र्याची खोली होती, खाली तरट, भिंतीला दोन रॅक. पाटी होती, पण तिच्यावर महिन्याचा विषय असायचा. 'आमच्या गल्लीतला सगळ्यात जुना दगड.' 'आज्जीला न विचारलेला एक प्रश्न.' 'धड्यातल्या बाईनं धड्यातून बाहेर येऊन काय केलं?' चौथीतलं लेकरू धड्याकडे कधी ढुंकून बघत नव्हतं, ते त्या बाईला बाहेर काढायची म्हणून धडा तीनदा वाचायचं. ही तुमची शिकवायची रीत. शिक्षण खात्यात तिला नाव नाही.

कागद जमा झाले की तुम्ही गोधडीच्या दोऱ्यानं एकेक शिवायचात, पुठ्ठा लावायचात, मागं कार्ड चिकटवायचात आणि तो छापील पुस्तकांच्या शेजारी रॅकमध्ये ठेवायचात. कुणीही घरी न्यावा, वाचावा, कार्डावर नाव लिहावं. वर्षअखेर ज्याच्या कार्डावर जास्त नावं, तो पहिला. बक्षीस एकच, पुढच्या वर्षीचा पहिला विषय त्यानं द्यायचा. पालक यायचे, "बाई, करंडक-बिरंडक काही न्हाई का?" तुम्ही म्हणायचात, "तुमच्या पोरीचं लिहिलेलं सतरा घरात जाऊन आलंय, अजून काय पायजे?"

आणि उत्तर. प्रत्येक कागदाला उत्तर, पुढच्या शनिवारच्या आत, हिरव्या शाईनं, मुलाच्या नावानं. शाबासकी नाही, गुण नाहीत, फक्त एक प्रश्न. ते लेकरू पुन्हा लिहायला बसायचं. आमच्या शाळेतल्या कित्येक पोरांना जोडाक्षरं मी शिकवली असं हजेरीपटावर दिसेल. खरं म्हणजे आपल्या नावानं आलेला कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायची लाज वाटायची, म्हणून ती शिकली.

मीही तशीच शिकले. पाचवीत होते. विषय होता 'माझी आई'. शेजारच्या पोरीचं गाईड आणलं आणि सुंदर अक्षरात उतरवलं, 'माझी आई पहाटे उठून सडा-रांगोळी घालते व तुळशीला पाणी घालते.' मला वाटलं, आता आपल्याला कोण हरवतंय! शनिवारी तुमचं उत्तर आलं, 'सुनंदा, तुमच्या दारातली तुळस बघायला मी उद्या येते.'

आणि आलात. विहाराच्या मागच्या गल्लीत, आमच्या दारात, छत्री घेऊन उभ्या. आई घाबरून गेली. "तुळस? बाई, आमच्यात कुठं ऱ्हाती तुळस? कोण म्हनलं?" तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मलाबी तसंच वाटलं. चुकून आले. आले तर च्या करा." मग कोरा चहा पीत तुम्ही आईला विचारलंत, पहाटे उठून काय करता? आई म्हणाली, "काय करनार? भाकरी बांधती अन् टोळीतल्या बायांनी हाक मारायच्या आत निघती. हे लेकरू झोपल्यालंच ऱ्हातंय." तुम्ही "हाव" म्हणालात, कप खाली ठेवलात आणि गेलात. मला रागावल्या असतात तर बरं झालं असतं.

दुसऱ्यांदा मी लिहिलं, 'माझी आई मला सकाळी दिसत नाही. तिनं झाकून ठेवलेली भाकरी दिसते.' पुढचं आठवत नाही, ही दोन वाक्यं आठवतात. तो कागद तुम्ही शिवलात आणि त्याचं कार्ड भरून दुसरं लावावं लागलं. आईला वाचता येत नव्हतं. ती जाईपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझ्यावर पुस्तक हाय बाईच्या खोलीत."

माझी पहिली नेमणूक किनवट तालुक्यात इस्लापूरकडे झाली. तिथून मी तुम्हाला रडवं पत्र लिहिलं, की इथली मुलं माझ्याशी बोलत नाहीत. तुम्ही उलट टपाली महिन्याचा विषय पाठवलात, बाकी एक शब्द नाही. मुलांना मी सांगितलं, देवणी म्हणून एक गाव आहे, तिथल्या बाईंना तुमचं लिहिलेलं पाहिजे. एका मुलीनं सहस्रकुंडाच्या धबधब्यावर चार ओळी लिहिल्या, की पाणी एवढ्या उंचावरून पडतं तर त्याला लागत असेल, म्हणून ते ओरडतं. तुमचं उत्तर पोस्टानं आलं, 'मग खाली पडल्यावर ते गप्प का होतं?' ती पोरगी दोन दिवस वर्गात कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं दीड पान लिहून आणलं. आंतरजिल्हा बदली होऊन मी देवणी तालुक्यात परत आले, तेव्हा तुमच्या रॅकमध्ये इस्लापूरचा एक अख्खा कप्पा होता. एवढं सगळं तुम्ही माझ्यासाठी केलंत, आणि मी तुमच्याशी कशी वागले तेही आता लिहायला हवं.

पोळ्याचा महिना होता. पाटीवर विषय, 'पोळ्याच्या दिवशी आमचा बैल काय म्हणाला'. माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र, बावीस मुलं. त्या आठवड्यात ऑनलाइन माहिती भरायची होती, आधारची दुरुस्ती होती, आरोग्य तपासणी होती, आणि वरून तपासणी पथक येणार म्हणून भिंती रंगवायच्या होत्या. मी फळ्यावर नमुना लिहून दिला. 'मी शेतकऱ्याचा खरा मित्र आहे. मी वर्षभर राबतो.' मुलांनी उतरवून घेतला. मी गठ्ठा पाठवून दिला आणि विसरले.

चौथ्या दिवशी तुम्ही बस बदलून शाळेत आलात. मुख्याध्यापक, दोन शिक्षक, सगळ्यांच्या देखत गठ्ठा टेबलावर ठेवलात.

"सुनंदा, ह्यो एक कागद झाला. बाकीची एकवीस लेकरं कुठं हायत?"

मी म्हटलं, बाई, आत चला, बसून बोलू. तुम्ही कसल्या बसताय!

"अगं, देवणीची लेकरं ही. पांढरं अंग अन् काळं तोंड दिसलं की वानेरा जातीचा बैल म्हणून लांबून वळखत्यात. त्यांचा बैल असं पुस्तकावानी बोलतोय व्हय? अन् हितल्या निम्म्या घरात बैलच न्हाई. त्यानं लिहावं की, आमच्याकडं बैल न्हाई, आम्ही दुसऱ्याचा बघाय जातो. तुला तर हे कळाय पायजे होतं. दुसऱ्या कुणाला न्हाई कळलं तरी तुला."

शेवटचं वाक्य मला झोंबलं. मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "तुम्हाला काय जातंय, बाई! तुमच्याकडं येतात ती आवडीनं येतात. माझ्याकडं चौथीत येऊन ज्यांना काना-मात्रा येत नाही ती पण आहेत. मी नमुना दिला नाही तर कोरे कागद येतील."

"मग कोरे दे. कोरा तरी त्याचा ऱ्हाईल."

"आणि ते तुळशीचं एकदा ऐकवलंत, आता जन्मभर ऐकवणार का?"

तुम्ही तुळशीचं नाव काढलं नव्हतंत. मीच काढलं. तुम्ही छत्री उचललीत आणि निघालात. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, च्या तरी घ्या." तुम्ही वळून बघितलं नाही.

आता तुम्ही नाही म्हणून मी सगळंच कबूल करीन असं समजू नका. मला अजूनही वाटतं की तुम्ही अर्धं बरोबर होता. तुमच्या खोलीत पथक येत नव्हतं. तुम्हाला दोन वर्ग एका फळ्यावर सांभाळायचे नव्हते. शिकवू न देणाऱ्या लोकांवर रागवायचं सोडून तुम्ही माझ्यावर रागावलात, तेही चारचौघांत. हे मला तुमच्या तोंडावर म्हणायचं होतं. कधीतरी म्हणू, असं समजून मी ते राखून ठेवलं होतं.

पण पुढं जे केलं ते निव्वळ खुनशीपणानं केलं. पुढच्या महिन्याचा विषय आला, 'आमच्या घरातला एक आवाज'. मी वर्गात सांगितलं, "या वेळी मी काही सांगणार नाही. ज्याला येईल त्यानं लिहा, नाही तर नाव घालून कोरा द्या." आणि तासभर खुर्चीत बसून राहिले. मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. त्यांना वाटलं असेल आपलंच काहीतरी चुकलं. चौघांनी दोन-दोन ओळी लिहिल्या. अठरा कागद कोरे आले. मी वर चिठ्ठी लावली, 'बाई, तुम्ही म्हणालात म्हणून कोरे पाठवते. सुनंदा.' देवणीला दूध घालायला जाणाऱ्याच्या हाती गठ्ठा दिला. तुम्हाला टोमणा मारायला मी बावीस लेकरं वापरली, बाई. आपल्या माणसाशी भांडायला लेकरांच्या वह्या फाडाव्यात, ही चूक शिक्षकच करू शकतो.

उत्तरं आणायला नेहमी मी यायचे. ज्यानं कागद आणले त्यानंच उत्तरं न्यायची, हा तुमचा नियम. मी आले नाही.

मुलं विचारायची. सगळ्यात जास्त अंबिका. तिचं घर कर्नाटकाकडचं, घरात कानडी, त्यामुळे ती वर्गात बोलायचीच नाही, मान हलवायची. पण दर सोमवारी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहायची. "बाईचं उत्तर आलं?" मी म्हणायचे, "न्हाई आलं गं. बाईंना लई काम असतंय." दिवाळी झाली, संक्रांत झाली, ती विचारत राहिली आणि मी खोटं बोलत राहिले. पुढं तिनं विचारायचं सोडलं. मला सुटल्यासारखं झालं, तेही सांगून टाकते.

तुम्ही लातूरला दवाखान्यात खेपा घालताय हे मला कुणी सांगितलं नाही. कुणीतरी एकदा म्हणालं, बाई भाच्याकडं गेल्यात, मी म्हटलं, जाऊ देत, हवापालट होईल. आणि तुम्ही? तुम्हाला एक निरोप धाडता येत नव्हता? इस्लापूरला पोस्टानं प्रश्न पाठवता येत होते, आणि बारा किलोमीटरवर 'सुनंदा, मला बरं नाही' एवढं कळवता आलं नाही? हट्टी माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त होता. मी निदान कारण सांगू शकते, की मी हे तुमच्याकडूनच शिकले.

गेल्या सोमवारी मी खोली उघडली. धुळीचा आणि जुन्या खळीचा वास आला. पाटीवर शेवटचा विषय अर्धा पुसलेला होता. पेटी रॅकखाली होती. मला वाटलं हिशेबाच्या वह्या असतील, नाही तर तुमची औषधं. वरच माझ्या शाळेचा गठ्ठा होता.

बाई, तुम्ही बावीसच्या बावीस कागदांना उत्तरं दिली होतीत. कोऱ्यांनासुद्धा. प्रत्येक कोऱ्या कागदावर खाली हिरव्या शाईनं, मुलाच्या नावानं, वेगळा प्रश्न. 'आकाश, तुमच्या दाराची कडी वाजती का करकरती?' 'मुस्कान, तुझे अब्बा झोपल्यावर घोरतात का? खरं सांग.' 'रोहित, घरात कुणीच नसल्यावर काय ऐकू येतं?' ही मुलं मी वर्गातून ओळखते. तुम्ही त्यांना वर्षातून एकदा, सहलीला यायची तेव्हा बघायचात. कुणाच्या घरी माणसं नसतात हे तुम्हाला माहीत होतं, मला नव्हतं. सगळे कागद शिवलेले होते, पुठ्ठा लावून, मागं कार्ड. अठरा कोरी पुस्तकं. शेवटच्या काही कागदांवर अक्षर इतकं हललेलं होतं की मला दोनदा वाचावं लागलं. मी तिथं तरटावर बसले आणि मोठ्यानं रडले, आणि तुम्हाला दोन-चार शिव्यासुद्धा घातल्या. आणायला मी नाही आले तर पाठवून द्यायची होती! नियम म्हणे.

अंबिकाच्या कागदावर लिहिलं होतं, 'अंबिका, आज्जी तुला हाक मारते ती कोणत्या भाषेत? तोच आवाज लिही. चुकलं तरी चालतं.'

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गठ्ठा नेला. मुलांना खरं सांगितलं. म्हटलं, उत्तरं केव्हाच आली होती, मी आणली नाहीत, बाईंशी माझं भांडण होतं. मुस्कान म्हणाली, "भांडन झालं तर आमचं उत्तर का नाय आनलं?" मी नावं घेऊन कागद वाटायला लागले. अंबिका पुढं आली, आपला कागद घेतला, जागेवर जाऊन बसली आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचायला लागली, ओठ हलवत. मला वाचून दाखवू का म्हटलं तर मान हलवून नको म्हणाली. सुटी झाली तरी ती लिहीत होती. मग कागद माझ्यापुढं धरला. 'माझी आज्जी म्हनती अंबव्वा बा इल्ली. मी घरी गेलो की म्हनती. मी घरी नसलो तरी म्हनती.' बा इल्ली म्हणजे इकडं ये. चौथी संपत आली, आणि त्या पोरीनं पहिल्यांदा आपलं असं काही लिहिलं. सात महिने आधी लिहिलं असतं. हे सात महिने माझ्या खात्यावर आहेत, तुमच्या नाहीत.

काल मी स्पर्धेच्या संयोजकांकडे गेले. म्हटलं, विषय बदला, बाईंना हा विषय चालला नसता. ते म्हणाले, "मॅडम, फ्लेक्स छापून झाला." म्हटलं, मग सगळ्या मुलांना लिहू द्या, एकाच हुशाराला का? तर हसून म्हणाले, "तुमाला त्रास होऊ नये म्हनूनच की! निबंध शाळाच तयार करून पाठवित्यात. तुमी फक्त तीन नंबर काढायचे." किती सहज म्हणाले! शिक्षक लिहिणार, मूल उतरवणार, दुसरा शिक्षक नंबर काढणार, आणि वर तुमचं नाव. मी त्यांना ओरडले, बाई. त्यांच्या बैठकीत, चार माणसांत. म्हटलं, माझं नाव काढा, आणि 'स्वर्गवासी' पण काढा. ते म्हणाले, "अहो, भावना बघा." भावना मी बघितल्या आहेत. मान वाकडी करून ऐकणाऱ्या बाईच्या समोरचं लेकरू कापून टाकतात, ती यांची भावना. बाहेर आल्यावर लक्षात आलं, मी अगदी तुमच्यासारखीच चारचौघांत बोलले होते. चहासुद्धा घेतला नाही.

स्पर्धा होणारच. आमच्या मुख्याध्यापकांनी कुणाला तरी निबंध सांगून ठेवलाही असेल. मी काही जग बदलायला निघालेले नाही. पण खोली दर शनिवारी उघडी राहील, आणि हिरवी शाई मी आणली आहे.

आता एकच राहिलं. गठ्ठ्यात सगळ्यात खाली माझी ती चिठ्ठी होती. 'तुम्ही म्हणालात म्हणून कोरे पाठवते.' तुम्ही तीही शिवली होतीत, पुठ्ठा लावून, मागं कार्ड लावून. माझ्या सहीखाली तुमचं उत्तर होतं. 'सुनंदा, बावीस मिळाले. तेविसावा कुठं आहे? तुझ्या घरातला आवाज कोणता?'

सांगते. माझ्या घरात मिक्सर वाजतो, मोबाईल वाजतो, टीव्ही वाजतो. नवरा 'अगं' म्हणतो, मुलगी 'मम्मी' म्हणते, शाळेत सगळे 'मॅडम' म्हणतात. 'सुने' म्हणणारी आई गेली, तेव्हा वाटलं होतं की आता आपल्याला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही. पण तुम्ही होता. खोलीच्या दारातून, हातात सुई-दोरा, मला रस्त्यावरून जाताना बघून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचात, "सुनंदेऽ, हिकडं ये, काय लिहिलंय बघ हे पोरीनं!" मी घाईत असायचे. म्हणायचे, येते बाई, शनिवारी येते. तो आवाज.

हा माझा कागद. कुठूनही बघून लिहिलेला नाही. शिवून रॅकमध्ये ठेवला आहे, अंबिकाच्या शेजारी. कार्डावर अजून कुणाचं नाव नाही. प्रत्येक कागदाला शनिवारच्या आत उत्तर मिळतं, असा तुमचा नियम आहे आणि तो तुम्ही आजवर एकदाही मोडला नाहीत. आज शनिवार आहे, बाई. सकाळपासून खोली उघडी ठेवून बसले आहे.